‘मूल होऊ द्या’ म्हणणारे ‘वाढवायचं कुणी’ यावर गप्प का होतात?

प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला पाच वर्षं झाली. नवरा हिंदू, बायको कॅथलिक. दोन्ही घरांतून एकच धोशा चालू आहे की मूल हे धर्मकर्तव्य आहे, आता उशीर नको. बायकोची मुलाला ना नाही, पण तिने नवऱ्याला एकच विचारलं, “वाढवायचं कुणी?” सासूबाईंनी परस्पर उत्तर देऊन टाकलं, “ते आईचंच काम, शास्त्रातच सांगितलंय.” आता नवरा विचारतो आहे की धर्म खरोखर काय सांगतात, आणि मूल कोणत्या धर्मात वाढवायचं हे ठरवावं कसं.

मी पुरोहित नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. विवाह समुपदेशनाचं काम मात्र तेवीस वर्षं करते आहे, आणि धर्मग्रंथ वाचायला लागले ते याच कामापायी, नाइलाजाने. माणसं समोरच्या खुर्चीत बसतात आणि एकमेकांच्या तोंडावर वचनं फेकू लागतात. त्यांना ‘पुढची ओळ वाचा’ म्हणायचं, तर ती आपल्याला ठाऊक हवी.

एकदा एक वडील त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. सोबत बायबल आणलं होतं. इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय, पहिलं वचन पेन्सिलीने अधोरेखित केलेलं : मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं. मी म्हटलं, आता चौथं वाचा. तिथे बापांना सांगितलंय की मुलांना चिडीला आणू नका. त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं आणि पुस्तक मिटायला लागले. मुलगा म्हणाला, “मोठ्याने वाचा ना.” त्या दिवशी खरं काम त्या पोरानेच केलं, मी नुसती बसून होते.

तुमच्या घरातही हेच चाललंय असं मला वाटतं. लग्न, मूल आणि संगोपन यांबद्दल धर्मग्रंथांत पुष्कळ लिहिलेलं आहे, पण घरात कानावर पडतं ते ऐकवणाऱ्याच्या सोयीचं. ‘मूल होऊ द्या’ ही ओळ सगळ्यांना पाठ असते. तिच्या खालच्या ओळींत आईबापांनी पुढे काय करायचं ते असतं, आणि त्या कुणालाच आठवत नाहीत.

आधी कर्तव्याचं बघू. तुमच्या घरच्यांचं म्हणणं निराधार नाही. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो असं म्हटलंय : ऋषींचं ऋण ब्रह्मचर्याने फेडायचं, देवांचं यज्ञाने आणि पितरांचं प्रजेने. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू बजावतो, ‘प्रजातन्तुं मा व्यवच्छेत्सीः’, वंशाचा धागा तोडू नकोस. सप्तपदीतलं पाचवं पाऊल ‘प्रजाभ्यः’ म्हणजे संततीसाठी आहे. पण हीच परंपरा दुसरंही बोलते. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी जनकाला सांगतो की पूर्वीचे ज्ञानी प्रजेची इच्छा करत नसत. हा आत्माच आमचा लोक, म्हणजे आमचं जग, मग प्रजा घेऊन काय करायचं, असं ते म्हणत. जाबाल उपनिषद तर म्हणतं, ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडावं. आणि मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते भीष्माचं उदाहरण. आजन्म ब्रह्मचारी, मूलबाळ नाही. शास्त्राच्या हिशेबाने याला पाणी कोण देणार? तर माघ शुद्ध अष्टमीला सगळ्यांनी द्यायचं. त्या तर्पणाच्या मंत्रातच ‘अपुत्राय’ हा शब्द आहे. ज्याला मूल नाही त्याच्यासाठी परंपरेने सगळ्यांनाच मुलगा केलं. तेव्हा मूल झालं नाही तर गती नाही, असं कुणी तुम्हाला ऐकवलं तर भीष्माचं काय झालं एवढं विचारून बघा.

तुमच्या बायकोची बाजू या बाबतीत जास्त ठाम आहे, हे आडपडदा न ठेवता सांगते. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मविधानात, 1055 व्या कलमात, विवाहाचा रोख दोन गोष्टींकडे आहे असं म्हटलंय : पती-पत्नींचं हित, आणि संततीचा जन्म व संगोपन. चर्चमधल्या विवाहविधीत जोडप्याला विचारतात की देवाकडून येणारी मुलं तुम्ही प्रेमाने स्वीकाराल का आणि त्यांना ख्रिस्ताच्या व चर्चच्या नियमानुसार वाढवाल का. जोडपं उतारवयाचं असेल तर हा प्रश्न गाळता येतो. मुलं मुळीच होऊ द्यायची नाहीत असं मनाशी पक्कं करून संमती दिली असेल, तर चर्चच्या दृष्टीने तो विवाहच अवैध ठरू शकतो. पण मूल न होणं आणि मूल नाकारणं यांत चर्च स्पष्ट फरक करतं. वंध्यत्वामुळे विवाहाला बाधा येत नाही, असं 1084 व्या कलमात आहे. आणि दोन मुलांत किंवा लग्नानंतर अंतर ठेवण्याबद्दल म्हणाल, तर कृत्रिम साधनांना नाही म्हणणाऱ्या 1968 च्या पोपच्या पत्रातही जबाबदार पालकत्वाचा विचार आहे आणि गंभीर कारण असेल तर नैसर्गिक पद्धतीने अंतर ठेवायला वाव आहे. अँग्लिकन बिशपांनी तर 1930 च्या लॅम्बेथ परिषदेत मर्यादित परिस्थितीत गर्भनिरोध मान्य केला होता. म्हणजे एकाच ख्रिस्ताला मानणाऱ्यांतही या प्रश्नाचं उत्तर एक नाही.

बाकीच्या धर्मांचं पाहिलं तरी चित्र असंच खडबडीत दिसतं. ज्यू परंपरेत ‘फलद्रूप व्हा’ ही आज्ञा मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह पुरुषावर टाकतो, बाईवर नाही. एका रब्बीचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूचं, मत दोघांवर असं आहे, तेही तिथेच नोंदवलेलं आहे. इस्लाममध्ये लग्न हा करार आहे, कुराण त्याला दृढ करार म्हणतं. संततीला प्रोत्साहन आहे, तरी गर्भ टाळण्याची त्या काळची पद्धत पैगंबरांच्या हयातीत चालत होती असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आठवणींच्या संग्रहांत, येतं, आणि बहुतेक फकिहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, ती पत्नीच्या संमतीने चालेल असं म्हटलं. ‘पत्नीच्या संमतीने’ हे दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. बौद्ध धम्मात लग्न हा संस्कार नाहीच, तो लौकिक व्यवहार आहे. त्यामुळे मूल झालंच पाहिजे असा धार्मिक तगादाही तिथे नाही.

आता सासूबाईंचं शास्त्र. ते कुठून आलं असेल याचा मला अंदाज आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सत्ताविसावा श्लोक आहे : अपत्याला जन्म देणं, जन्मलेल्याचं पालन करणं आणि रोजचा संसार चालणं, या सगळ्याचं प्रत्यक्ष कारण स्त्री आहे. मनुस्मृतीचं नाव काढलं की लगेच दोन तट पडतात, आणि ते साहजिक आहे. याच अध्यायाच्या सुरुवातीला बाई स्वातंत्र्याला पात्र नाही असं लिहिलेलं आहे. मी स्वतः त्या अध्यायाला वाटाड्या मानत नाही. पण ज्यांना तो मानायचाच आहे त्यांनी निदान पूर्ण वाचावा. शहाण्णवाव्या श्लोकात पत्नीसह आचरायचा धर्म ‘साधारण’ म्हणजे दोघांचा सामाईक म्हटला आहे. एकशे एकाव्यात तर स्त्री-पुरुषांचा सर्वांत मोठा धर्म एका ओळीत सांगितलाय की मरेपर्यंत एकमेकांशी प्रतारणा करू नये. एकमेकांशी, म्हणजे दोघांनीही.

विधींकडे पाहिलं तर अजून गंमत आहे. सोळा संस्कारांतले बाळाच्या जन्माच्या आसपासचे संस्कार कुणी करायचे? बापाने. सीमंतोन्नयनात नवऱ्याने गरोदर बायकोचा भांग पाडायचा असतो, तिचं मन प्रसन्न राहावं म्हणून. जातकर्मात बापाने नवजात बाळाला मध-तूप चाटवून त्याच्या कानात मंत्र म्हणायचा. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं आजचं वैद्यकशास्त्र सांगतं, बोट्युलिझमचा धोका असतो. हा विधी कुणी करा म्हटलं तर मध वगळा, मंत्र खुशाल म्हणा.) नामकरण, पहिल्यांदा घराबाहेर नेणं, उष्टावण, सगळीकडे बाप हजर. हे बघितल्यावर ‘शास्त्रात हे आईचं काम आहे’ हे वाक्य मला तरी पचत नाही. विधीपुरता बाप पुढे आणि लंगोट बदलताना बाप बाहेरच्या खोलीत, ही वाटणी शास्त्राने केलेली नाही, सवयीने केली आहे.

या प्रश्नावर माझ्या मते सर्वांत नेमकं बोलणारं वचन कुराणात आहे, दुसऱ्या सूरेतलं, म्हणजे अध्यायातलं, 233 वं. त्याचा संदर्भ घटस्फोटित जोडप्याचा असला तरी त्यातला विचार कुणालाही लागू पडावा. पूर्ण मुदत पाळायची असेल तर आईने दोन वर्षं अंगावर पाजावं. त्या काळात तिच्या अन्नवस्त्राचा भार बापावर. कुणावरही झेपेल त्याहून जास्त ओझं टाकू नये. मुलाच्या निमित्ताने आईला त्रास होता कामा नये आणि बापालाही. आणि मग येतं ते मला फार आवडतं : दोघांनी परस्परसंमतीने आणि सल्लामसलतीने आधीच दूध तोडायचं ठरवलं तर त्यात दोष नाही. बाळाचं दूध कधी तोडायचं एवढ्या बारीक गोष्टीसाठी सुद्धा दोघांनी बसून बोलायचं. एका जोडप्याला मी हे वचन दाखवलं तेव्हा नवरा म्हणाला, आम्ही तर शाळासुद्धा न बोलता ठरवली. कुणी ठरवली, असं विचारल्यावर तो बायकोकडे बघायला लागला आणि बायको छताकडे.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथाने बापाची कामं मोजून दिली आहेत. मुलाला धर्मशिक्षण द्यायचं, त्याचं लग्न लावून द्यायचं, त्याला एखादा धंदा शिकवायचा. काहींच्या मते पोहायलाही शिकवायचं! का, तर त्याचा जीव त्यावर अवलंबून असू शकतो. आणि मुलाला धंदा न शिकवणारा बाप त्याला दरोडेखोरीच शिकवतो, असं एका रब्बीचं परखड मत आहे. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी आईबापांना पाच गोष्टी सांगितल्या आहेत : मुलांना पापापासून आवरणं, चांगल्याकडे वळवणं, एखादी कला-विद्या शिकवणं, योग्य जोडीदाराशी लग्न लावून देणं आणि वेळेवर वारसा हाती देणं. ‘वेळेवर’ या शब्दावर मी कित्येक सत्तरीतल्या वडिलांशी वाद घातला आहे. कॅथलिक धर्मविधानाचं 1136 वं कलम मुलांच्या शारीरिक, सामाजिक, सांस्कृतिक, नैतिक आणि धार्मिक संगोपनाची जबाबदारी ‘पालकांवर’ टाकतं. तिथे आई असा वेगळा शब्द नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. हे सगळं वाचून ‘बघा, धर्मांना आधीपासून समानता मान्य होती’ असा निष्कर्ष कुणी काढला तर ती फसवणूक होईल. हे ग्रंथ बापाशी बोलतात कारण त्या काळी घराची सत्ता बापाकडे होती. कर्तव्य त्याच्यावर टाकलं, कारण हुकूमही त्याचाच चालत होता. इस्लामी हदीसमध्ये ‘तुमच्यातला प्रत्येक जण मेंढपाळ आहे’ म्हणताना पुरुषाला कुटुंबाचा आणि बाईला घराचा व मुलांचा राखणदार म्हटलं आहे. म्हणजे कामाची वाटणी आहेच. सिगालोवाद सुत्तातही घरची व्यवस्था नीट ठेवणं हे बायकोच्या पाच कर्तव्यांत येतं. मी म्हणते ते एवढंच की बापाने सत्ता ठेवायची आणि कर्तव्य तेवढं बायकोकडे सरकवायचं, याला या ग्रंथांत कुठेच आधार मिळत नाही. तुमच्या घरी नेमकं हेच व्हायला लागलंय. मूल कधी हवं ते घर ठरवणार, उठायचं मात्र तिने.

वळण लावण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडं बोलते, कारण मूल झालं की पुढची वचनं याच विषयावर येतील. ‘लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्’ हा श्लोक तुम्हाला ऐकवला जाईल. हे चाणक्याच्या नावावर चालणारं सुभाषित आहे, श्रुती म्हणजे वेदवचन नव्हे. दुसऱ्या बाजूने बायबलच्या नीतिसूत्रांतली छडी येईल. या दोन्हींपेक्षा मला मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथातला राहुलचा, म्हणजे बुद्धांच्या मुलाचा, प्रसंग भावतो. बुद्धांनी पाय धुतल्यावर भांड्यात थोडंसं पाणी ठेवलं आणि मुलाला दाखवलं : जाणूनबुजून खोटं बोलायची लाज नसलेल्या माणसाचं श्रमणपण, म्हणजे भिक्षूपण, एवढंसं असतं. मग ते पाणी फेकलं, भांडं पालथं केलं, उलटं-सुलटं करून आतलं रितेपण दाखवलं. आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. आणि ज्या उपनिषदात ‘मातृदेवो भव’ आहे, तिथेच दोन ओळींवर गुरू सांगतो की आमचं जे चांगलं वागणं असेल तेच तू घे, बाकीचं घेऊ नकोस. स्वतःच्या चुका आधीच कबूल करणारा गुरू. मुलांपुढे असं बोलणारा बाप मला तेवीस वर्षांत फार तर पाच-सहा वेळा भेटला असेल.

आता मूल कोणत्या धर्मात वाढवायचं. इथे तुम्हाला आधी एक गोष्ट तपासावी लागेल. तुमचं लग्न चर्चच्या परवानगीने झालं असेल, तर तुमच्या बायकोने एक वचन दिलेलं असणार : मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक श्रद्धेत वाढावीत यासाठी ती तिच्या परीने सर्व ते करील. 1917 च्या जुन्या विधानात असं वचन दोघांकडूनही घेत. 1983 च्या विधानात ते फक्त कॅथलिक जोडीदाराकडून घेतात आणि दुसऱ्याला त्याची कल्पना देतात. माझा अनुभव असा की कल्पना दिली त्या दिवशी दुसऱ्याचं लक्ष हॉल आणि कपड्यांत असतं. सात वर्षांनी बाप्तिस्म्याचा विषय निघाला की तो म्हणतो, मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला शांतपणे विचारा की तू काय शब्द दिला आहेस आणि तो तुझ्यासाठी आज किती महत्त्वाचा आहे. काही जणींसाठी तो प्राणापलीकडचा असतो, काही जणींनी तो निव्वळ कागदोपत्री दिलेला असतो. बायकोच्या मनात काय आहे हे तुम्ही किंवा मी गृहीत धरायचं कारण नाही.

‘मोठं झाल्यावर ते स्वतःच ठरवेल’ हे उत्तर मला नेहमी ऐकू येतं आणि निम्मं पटतं. अठराव्या वर्षी ते ठरवेलच, तुम्ही नको म्हटलं तरी. पण पाचव्या वर्षी झोपताना कोणती प्रार्थना म्हणायची, आजोबा गेले तेव्हा ते कुठे गेले म्हणून सांगायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागणार. जिथे आईबाप हे टाळतात, तिथे दोन आज्या ठरवतात, आणि त्या दोघी वेगवेगळं ठरवतात. मला असं दिसलंय की घरात एक रीत ठरलेली आणि दुसऱ्या रीतीची आदराने ओळख, असं जिथे आहे तिथे मुलं गोंधळत नाहीत. गोंधळतात ती मोठ्यांच्या रुसव्याफुगव्यांनी.

आजी-आजोबांना या ठरवण्यातून वगळा असं मात्र मी म्हणणार नाही. राहुलची दीक्षा झाली तेव्हा त्याचे आजोबा शुद्धोदन बुद्धांकडे आले, असं विनयपिटक या भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे. ते म्हणाले, तुम्ही घर सोडलंत तेव्हा दुःख झालं, तुमचा सावत्र भाऊ नंद गेला तेव्हाही, पण राहुलचं दुःख त्याहून जास्त. पुत्रप्रेम कातडी चिरून थेट हाडांच्या मगजापर्यंत जातं. त्यांनी मागितलं एवढंच की यापुढे आईबापांच्या परवानगीशिवाय कुणाच्या मुलाला दीक्षा देऊ नये. बुद्धांनी तसा नियम केला. झालेला निर्णय फिरवला नाही, पण म्हाताऱ्याचं ऐकून घेतलं आणि त्याच्या बोलण्यात जे खरं होतं त्याचा नियम केला. तुमच्या दोन्ही घरच्यांना एवढंच हवं असण्याची शक्यता बरीच आहे.

राहिला बायकोचा मूळ प्रश्न. त्याचं उत्तर ग्रंथात शोधू नका, कारण तिने तो ग्रंथाला विचारलेला नाही, तुम्हाला विचारला आहे. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी एक कोरा कागद देते. रात्री उठणं, आजारपणात रजा टाकणं, लसींच्या तारखा लक्षात ठेवणं, न्हाऊमाखू घालणं, शाळेतल्या बैठका, आणि दोघांपैकी कुणाच्या नोकरीला काही वर्षं कात्री लागली तर ती कुणाच्या, असं एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे नाव घालायचं. एका नवऱ्याने सगळ्या ओळींपुढे बायकोचं नाव लिहिलं आणि कंसात ‘मी मदत करीन’. बायकोने पेन घेतलं आणि ‘मदत’ या शब्दावर काट मारत गेली, अकरा ओळींवर अकरा वेळा. मग तिने कागद त्याच्याकडे परत सरकवला. तासभर लागला, पण दुसऱ्यांदा लिहिलेल्या कागदावर पाच ठिकाणी त्याचं एकट्याचं नाव होतं.

हा कागद तुम्ही मूल होऊ द्यायचं ठरवण्याआधी भरा. आईला त्या वेळी खोलीत बोलावू नका. भरून झाल्यावर दाखवायचा असेल तर दाखवा, आणि तो तुम्ही दाखवा, बायकोने नव्हे.